राजा दीनदयाळ : निजामाच्या राज्यातील छायाचित्रकार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी मजवर एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याचे काम सोपविले. दरवर्षी आपण या पानांत कोणा साध्वीचे, समाजसुधारकाचे किंवा देशभक्ताचे चरित्र वाचतो. यंदा मी एका छायाचित्रकाराचे चरित्र निवडले, याचे काहीजणींना नवल वाटेल. म्हणून आधी त्याचे कारण सांगते.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी आपण सर्वजणींचा एकत्र फोटो काढला. फोटो काढणारा मुलगा सर्वांना बसवू लागला, तशा दोघीतिघी मागे सरल्या. एकीने पदर ओढून घेतला. आपल्यातल्या ज्या भगिनींना पतीचे छत्र उरलेले नाही, त्या चहाचे निमित्त करून स्वयंपाकघरात गेल्या आणि हाका मारूनही लवकर बाहेर आल्या नाहीत. अखेर फोटो झाला. परंतु स्मरणिकेसाठी त्याखाली नावे लिहावयास बसले, तेव्हा चार चेहऱ्यांपाशी माझी लेखणी अडली. इतकी वर्षे आपण एकमेकींच्या घरी जातो येतो, पण त्या चौघी मला कोणाच्या तरी आई म्हणून नाहीतर कोणाच्या तरी काकू म्हणून ठाऊक होत्या. त्यांची स्वतःची नावे मला सांगता येईनात. मला मनापासून लाज वाटली.

त्याच सुमारास नातीने मला राजा दीनदयाळ यांनी काढलेली जुनी छायाचित्रे दाखविली. हे गृहस्थ कोण, ते आपल्या मुलखाशी कसे जोडलेले, हे शोधता शोधता मी त्यांच्या चरित्रात रमून गेले.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली उत्तर हिंदुस्थानात मीरतजवळच्या सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. जवाहिऱ्याचा मुलगा दुकानात बसावयाचा, ही त्या काळची रीत. परंतु दीनदयाळांनी रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आणि १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याची नोकरी धरली. नोकरी सरकारी व पगार नेमाचा. संसारी माणसाला आणखी काय हवे? पण १८७४ च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला आणि या छंदाने पुढे त्यांचे सारे आयुष्यच व्यापले. तेथील इंग्रज एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी आश्रय दिला.

हा छंद त्या काळी किती कष्टाचा होता, ते आजच्या मुलींना सांगितले पाहिजे. आज खिशातला मोबाइल काढला की क्षणात फोटो होतो. त्या वेळी फोटो काचेवर निघत असे. स्वच्छ पुसलेल्या काचेवर एक चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. काच वाळली की सारे फुकट. म्हणून चित्र घेतल्याबरोबर लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन ती धुवावी लागे. याचा अर्थ असा की डोंगरावरच्या देवळाचा फोटो हवा असेल तर काचा, औषधांच्या बाटल्या, पाणी आणि तो तंबू हे सारे बिऱ्हाड डोंगरावर न्यावयाचे. उन्हाळ्यात आपल्याकडे कुरडईचा चीक शिजवून गरम आहे तोवर घालावा लागतो, जरा उशीर झाला की बिघडतो. तशीच ती घाई. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा हा त्रास पुष्कळ कमी झाला. कागदावर प्रत काढण्याची तऱ्हाही मौजेची होती. त्या कागदाला अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप असे आणि काचेखाली तो ठेवून उन्हात धरला की चित्र उमटे. काच जेवढी, तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर काचही मोठी, कॅमेराही मोठा.

अशा साधनांनिशी दीनदयाळ यांनी १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानात दौरा केला आणि तेथील किल्ले, देवळे, वाडे यांची छायाचित्रे घेतली. त्यांचा मोठा ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. इंजिनिअरची नजर असल्यामुळे इमारतीचा कोणता कोन घ्यावा, खांबांच्या ओळीवर ऊन केव्हा पडेल, हे त्यांना बरोबर कळे. १८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. तेव्हा त्यांनी मोठा निश्चय केला. चाळिशी उलटलेली, पदरी मुलेबाळे, आणि नेमाची नोकरी सोडून त्यांनी या नव्या धंद्यात पाऊल टाकले. घरच्या मंडळींना त्या वेळी काय वाटले असेल, याची कल्पना आपणा गृहिणींना सहज करता येईल.

पुढे ते निजामाच्या राज्यात आले आणि येथून त्यांचा आपला संबंध सुरू होतो. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी दीनदयाळ यांना दरबारचे छायाचित्रकार केले आणि राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रे करणारा. जवाहिऱ्याच्या घरात जन्मून, बांधकाम खात्यात नोकरी करून, कॅमेऱ्याच्या बळावर राजा झालेला दुसरा गृहस्थ माझ्या ऐकिवात नाही. सिकंदराबादेस त्यांचा स्टुडिओ निघाला, १८९६ साली मुंबईसही निघाला. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीने त्यांना आपले छायाचित्रकार म्हणून सनद दिली. ज्ञानचंद व धर्मचंद हे दोन्ही पुत्र त्यांना येऊन मिळाले. शिकारी, मेजवान्या, लष्करी कवायती, नवाबांच्या हवेल्या यांची तर त्यांनी चित्रे घेतलीच; शिवाय स्टुडिओत रोजची गिऱ्हाइके येत ती वेगळीच. छावणीतले सोल्जर, अंमलदार, त्यांच्या मडमा, झालरीच्या झग्यातली मुले, पगडीवाले प्रतिष्ठित गृहस्थ. प्रत्येक काचेला क्रमांक द्यावयाचा आणि वहीत नोंद करावयाची, असा तेथील शिरस्ता. बडा असो की लहान, स्टुडिओत आलेला माणूस वहीत मांडला जाई. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, त्या वेळच्या औरंगाबादेतील इमारती यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली आहेत.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यांची १८९२ सालची गोष्ट. हैदराबादेस बड्या घरच्या स्त्रिया पडद्यात राहत. परपुरुषासमोर येणे हेच जेथे निषिद्ध, तेथे त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसावयाचे कसे? दीनदयाळ यांनी या अडचणीवर साधा उपाय काढला. त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत पुरुषांना मज्जाव, आणि छायाचित्रे घेण्यासाठी एक बाई नेमलेल्या. श्रीमती केनी-लेव्हिक हे त्यांचे नाव. त्या एका वार्ताहराच्या पत्नी होत्या. आता पडदा चांगला की वाईट, हा वाद निराळा. तो मोडण्याचे सामर्थ्य एका छायाचित्रकाराच्या अंगी नव्हते. परंतु पडदा आहे म्हणून बाईची छबी निघू नये, तिचा चेहरा तिच्या मुलानातवंडांना दिसू नये, हे त्यांनी मान्य केले नाही. यात धंद्याची दृष्टी होती हे उघडच आहे. तरीही बाईच्या अडचणीसाठी धंद्याने एक पाऊल पुढे यावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

आता दुसरी बाजू सांगते. १८९९-१९०० साली आपल्या भागात भीषण दुष्काळ पडला. बीड जिल्ह्याला त्याची झळ फार लागली; १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढावयाची ती उलट घटली. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. सरकारी कामांच्या नोंदीसाठी दीनदयाळ यांच्या स्टुडिओने औरंगाबाद भागातील दुष्काळपीडितांची छायाचित्रे घेतली. नातीने मला दाखविली ती हीच. ओळीने बसविलेली माणसे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. बायांच्या अंगावर लुगड्याच्या चिंध्या, मांडीवर पोटे खपाटीस गेलेली मुले. कॅमेऱ्याकडे पाहणारे ते डोळे मला अजून विसरता येत नाहीत.

माझी आजी त्या दुष्काळात तान्ही होती. केज तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून तिची माय तिला पाठीशी बांधून खडी फोडावयास जाई आणि बाभळीला झोळी बांधून तिला तीत निजवी, असे आजी सांगत असे. ती चित्रे औरंगाबादकडची, आमचे गाव बीडकडचे, तेव्हा माझी पणजी त्यांत असण्याचा संभव नाही, हे मला पुरते कळत होते. तरी मी चष्मा पुसून एकेक चेहरा पाहू लागले. पाहता पाहता ध्यानात आले की, ती त्या ओळीत असती तरी मला ओळखू आली नसती. पणजीला मी पाहिलेले नाही. तिची छबी नाही. आणि त्या चित्रांतील बायांची नावे कोणी टिपून ठेवलेली नाहीत. स्टुडिओत पैसे देऊन आलेल्या माणसाचे नाव वहीत चढले; उपाशी बसलेल्या माणसाचे नाव कोणी विचारले नाही. यासाठी एकट्या दीनदयाळ यांना दोष देणे न्यायाचे होणार नाही. ज्यांनी चित्रे मागविली त्यांना दुष्काळ दाखवावयाचा होता, माणसे नव्हेत. पण त्या चित्रांमुळेच ती माणसे होऊन गेली, एवढे तरी आज आपल्याला कळते, हेही खरे.

आणि माझी आजी? तिने आयुष्यभर फोटो काढू दिला नाही. फोटोने आयुष्य कमी होते, असे तिच्या मनाने घेतले होते. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की ती माजघरात जाई. ती गेली तेव्हा घरात भिंतीवर लावावयास काही नाही म्हणून तालुक्याहून फोटोग्राफरला बोलावले आणि तिला भिंतीशी टेकवून बसवून, कुंकू लावून, फोटो काढला. तिचा तेवढाच एक फोटो. मी लहान होते. डोळे मिटलेली ती आजी मला माझी वाटेना. जिने मला जात्यावर बसून गोष्टी सांगितल्या, तिचे हसू कोणाच्याच पदरी राहिले नाही.

दीनदयाळ यांचा उत्तरकाळ दुःखात गेला. १९०४ साली पुत्र धर्मचंद यांचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच काळाने, ५ जुलै १९०५ रोजी, दीनदयाळ यांनीही इहलोकीची यात्रा संपविली. १९११ साली त्यांचे आश्रयदाते निजामही गेले. पुढे त्या वैभवाला ओहोटी लागली. पण वंशजांनी काचा जपल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांपैकी २८५७ काचा आपल्याकडे घेतल्या. २००६ साली भारत सरकारने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. काचेसारखी फुटणारी वस्तू शंभर वर्षे टिकते, ती कोणीतरी सांभाळली तरच. हे आपणा स्त्रियांना निराळे सांगावयास नको. लोणच्याची बरणी पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते, ते आपण जाणतोच.

आता आज फोटोंना तोटा नाही. घरोघरी मोबाइल आहेत, दिवसाला दहा फोटो निघतात. परंतु किती फोटोंच्या मागे नाव, गाव आणि साल लिहिलेले असते? आपल्या पणतीच्या हाती उद्या आपला चेहरा जाईल आणि तो कोणाचा हे तिला सांगता येणार नाही. मग त्या दुष्काळी ओळीत आणि आपल्या हळदीकुंकवाच्या ओळीत फरक काय राहिला?

म्हणून भगिनींनो, या चरित्राच्या निमित्ताने दोन विनंत्या करते. ज्या चार भगिनींची नावे मला ठाऊक नव्हती, त्यांच्या घरी मी जाऊन आले. चौघींनी आपापले नाव सांगितले. एकीला तर ते क्षणभर आठवावे लागले. कित्येक वर्षांत तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. ती नावे फोटोखाली छापण्यासाठी चिटणीसबाईंकडे दिली आहेत. आपणही घरातले जुने फोटो काढून, म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून, मागे नावे लिहावीत. शिसपेन्सिलीने हलके लिहावे, म्हणजे फोटो खराब होत नाही. दुसरी विनंती अशी की, वर्धापनदिनी पुन्हा एकत्र फोटो काढू, तेव्हा कोणीही स्वयंपाकघरात राहू नये. ज्या भगिनी मागच्या वेळी आत गेल्या, त्यांना या वेळी मधल्या खुर्च्यांवर बसवावे. चहा त्या दिवशी थोडा उशिरा झाला तरी चालेल.