स्वतः चिरडून डोके वाचवणारे कवच

इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात १३ मे १९३५ रोजी एक मोटारसायकलस्वार पुढे सायकलवर चाललेल्या दोन मुलांना चुकवताना रस्त्यावर फेकला गेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. मेंदूला जबर मार बसला आणि सहा दिवस बेशुद्ध राहून तो दगावला. हा स्वार म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने गाजलेला टी. ई. लॉरेन्स. त्याच्यावर उपचार करण्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स हेही होते.

केर्न्स यांचा जन्म १८९६ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी गावचा. अ‍ॅडलेडला वैद्यकीय शिक्षण, पहिल्या महायुद्धात सेवा, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. १९२६ मध्ये ते बोस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूची शस्त्रक्रिया शिकले. हात कुशल होते. पण मेलेल्या चेतापेशी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाहीत, हे ते जाणून होते. मार बसण्याआधीच काही करायला हवे होते.

दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचवणारे लष्करी मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने डोक्याला मार लागून येऊ लागले. केर्न्स यांनी आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारसायकलवरचे २,२७९ जण मृत्युमुखी पडले होते. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना पाहायला मिळाले ते जेमतेम सात. ते सातही वाचले. १९४१ च्या ऑक्टोबरात हा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि नोव्हेंबरात लष्कराने कामावरील स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

हेल्मेट नेमके काय करते? दीड मीटर उंचीवरून पडलेले डोके कठीण रस्त्यावर तीन मिलिमीटरमध्ये थांबले, तर थांबतानाचा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट असतो. तेच डोके तीन सेंटिमीटर अंतरात थांबले, तर तो ५० पटीवर येतो. म्हणजे थांबायला थोडी जास्त जागा मिळाली की बरेच काही वाचते. आजच्या हेल्मेटमध्ये बाहेरचे पातळ, कठीण कवच एका बिंदूवरचा मार पसरवते आणि आतला हलका, थर्मोकोलसारखा थर दबून ऊर्जा गिळतो. विमानांत वापरल्या जाणाऱ्या, दोन पातळ पत्र्यांमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा धातूचा गाभा असलेल्या फळ्याही आघाताच्या वेळी याच तत्त्वावर चालतात. तेथेही गाभ्याच्या कप्प्यांच्या पातळ भिंती घडी पडून चिरडतात आणि धक्क्याची ऊर्जा त्यात खर्ची पडते. अशा कवचाचे चिरडणे हेच त्याचे काम.

केर्न्स यांनी यासाठी भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांना सोबत घेतले. होलबर्न यांनी जिलेटिनचे नमुने वापरून दाखवले की डोके एकदम गर्रकन फिरले तर कवटी न फुटताही मेंदूला इजा होते. १९४३ मध्ये दोघांनी हेल्मेटधारी जखमींचा आणखी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. हेल्मेटचा वापर वाढत गेला तसा मृत्यूंचा आकडा उतरत गेला, हे केर्न्स यांनी १९४६ मध्ये मांडले.

१९५२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९७३ साली. पुरावा हाती असूनही मधली ३२ वर्षे गेली. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये ही सक्ती आहे. तरी आपल्याकडे अनेक हेल्मेट आजही आरशाला लटकलेली दिसतात.

केर्न्स यांच्या कामातून घरोघरी न्यावे असे दोन साधे नियम निघतात. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले हेल्मेट ऐनवेळी निसटून जाते. आणि आतला थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही; म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलायचे. त्याने आपले काम एकदा केलेले असते.