मेडिकलला न गेलेल्या कमल रणदिवे

आपल्या लातूर-नांदेडात हुशार मुलीने बायोलॉजी घेतलं की पुढचं घरच्यांनी ठरवलेलंच असतं. एमबीबीएस! मी मॅथ्स घेऊन इकडे आले म्हणून सुटले. ८ नोव्हेंबर १९१७ला पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांच्या घरीही हेच होतं. वडील फर्ग्युसनमध्ये बायोलॉजी शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. कमलताई हुजूरपागेतून फर्ग्युसनला गेल्या, मेडिकलला मात्र गेल्याच नाहीत. १९३९ला लग्न केलं तेही गणितवाल्या रणदिव्यांशी.

१९४३ची त्यांची एम.एस्सी. सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या क्रोमोसोम्सवर होती. हो, आपल्या बालाघाटच्या डोंगरात पिकतं तेच सीताफळ! मग मुंबईला डॉ. वसंत खानोलकरांकडे कॅन्सरचं काम, १९४९ला पीएच.डी., आणि त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे टिश्यू कल्चर. याच गे यांच्या लॅबमध्ये १९५१ला हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या ट्यूमरच्या पेशी वाढवल्या गेल्या, त्यांना न विचारता. त्या बाई त्याच वर्षी वारल्या, पेशी अजून वाढताहेत. साधी पेशी पन्नासएक वेळा विभागून थांबते. मग ह्या का थांबत नाहीत?

उत्तर क्रोमोसोमच्या टोकाला आहे. बैलाच्या कासऱ्याचं टोक उसवू नये म्हणून गाठ मारतात ना, तसं तिथे टेलोमियर असतं. दर कॉपीला ते थोडं झिजतं. ही झीज टेलोमरेज नावाचं एन्झाइम भरून काढतं. आपल्या बहुतेक पेशींत ते बंद असतं, आणि माणसात ते पहिल्यांदा सापडलं ते १९८९ला, ह्याच हेला पेशींत! पण अजून एक भानगड आहे. टेलोमियरचं टोक मागे वळून स्वतःतच खोचलेलं असतं. हा फास सोडवल्याशिवाय कॉपी होणार कशी? त्यासाठी हेलिकेज लागतात. पिळलेला डीएनए उलगडणं हेच त्यांचं काम. त्यातलं आरटेल-१ बिघडलं तर पेशी तो फास सोडवण्याऐवजी कापूनच टाकते, टेलोमियर एकदम आखूड होतं, आणि काही मुलांच्या हाडातला मगज लहानपणीच रक्त बनवेनासा होतो.

कमलताई मुंबईला परतल्या तेव्हा यातलं फारसं काही कोणाला माहीत नव्हतं. तरी त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये आनुवंशिकता, हार्मोन आणि व्हायरस यांचा संबंध काय, हे उंदरांवर तपासलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९६६ ते १९७० त्या तिथल्या डायरेक्टर होत्या. १९७३ला महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली, १९८२ला पद्मभूषण मिळालं.

रिटायर झाल्यावर एखादी घरी बसली असती. ह्या अकोले तालुक्यातल्या राजूरला गेल्या आणि आदिवासी बायका-मुलांच्या आहाराच्या आणि तब्येतीच्या कामाला लागल्या. २००१ला त्या वारल्या.