पैसे परत आले, म्हणजे स्कीम खरी?

‘पॉन्झी स्कीम’ हा शब्द तुम्ही बातम्यांमध्ये वाचला असेलच. पण पॉन्झी हे एका माणसाचं आडनाव आहे, हे माहीत होतं का? चार्ल्स पॉन्झीला जाऊन ७५ वर्षं उलटून गेली. तरी ‘घरबसल्या काम, रोज खात्यात पैसे’ असा जो मेसेज तुमच्या मोबाइलवर येतो, त्यातली मुख्य युक्ती अजून तीच आहे. म्हणून या माणसाची ओळख करून घ्याच.

पॉन्झीचा जन्म ३ मार्च १८८२ रोजी इटलीतल्या लुगो गावात झाला. रोमच्या विद्यापीठात तो शिकायला गेला खरा, पण श्रीमंत मित्रांच्या नादानं पैसे उडवून पदवी न घेताच बाहेर पडला. १९०३ मध्ये बोटीनं अमेरिकेत बोस्टनला उतरला, तेव्हा खिशात जेमतेम अडीच डॉलर होते. बाकीचे प्रवासातच जुगारात गेले होते. मग कुठे भांडी घास, कुठे वेटरचं काम कर, असे दिवस काढले.

१९०७ मध्ये तो कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेला. तिथे झारोसी नावाच्या माणसाच्या बँकेत त्याला नोकरी लागली. इटलीहून आलेल्या मजुरांची ही बँक. इतरांपेक्षा दुप्पट, म्हणजे ६ टक्के व्याज द्यायची. हे व्याज यायचं कुठून? नव्या ठेवीदारांच्या पैशांतून! शेवटी बँक बुडाली आणि मालक मेक्सिकोला पळाला. हा सगळा प्रकार पॉन्झीनं जवळून पाहिला. पुढे खोट्या चेकबद्दल तो स्वतः तुरुंगात गेला. सुटल्यावर लोकांना चोरून अमेरिकेत आणल्याबद्दल पुन्हा दोन वर्षं आत.

पण फसवणारा माणूस चोवीस तास खलनायकासारखा वागतो, असं समजू नका. अलाबामात असताना भाजलेल्या एका नर्ससाठी याच पॉन्झीनं स्वतःच्या अंगावरची कातडी दिली होती. बोलायला गोड, राहायला टापटीप. समोरच्याला तो आवडायचाच.

एका कूपनची गोष्ट

१९१९ मध्ये त्याला स्पेनहून एक पत्र आलं. त्यात उत्तराच्या टपालखर्चासाठी एक आंतरराष्ट्रीय कूपन होतं. ते पोस्टात दिलं की तिकिटं मिळायची. महायुद्धानंतर इटलीच्या चलनाची किंमत घसरली होती. तिथे कूपन स्वस्तात घ्यायचं, अमेरिकेत जास्त किमतीची तिकिटं घ्यायची आणि ती विकायची. कागदावर नफा दिसत होता आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. अडचण एवढीच, की मोठ्या प्रमाणावर हे जमणं शक्यच नव्हतं.

तरीही पॉन्झीनं ‘सिक्युरिटीज एक्स्चेंज कंपनी’ असं भारदस्त नाव देऊन ऑफिस थाटलं. ४५ दिवसांत ५० टक्के नफा, ही त्याची ऑफर. जानेवारी १९२० मध्ये १८ जणांनी मिळून १,८०० डॉलर गुंतवले. आणि त्यांना ठरल्याप्रमाणे पैसे मिळालेसुद्धा!

इथे जरा थांबा. लोक फसले ते नेमके याच ठिकाणी. शेजाऱ्याला पैसे मिळालेले डोळ्यांनी दिसत होते, मग शंका कोण घेणार? इटालियन कामगार, दुकानदार, अगदी पोलीसही रांगेत उभे राहिले. माणसं आणून देणाऱ्या एजंटांना कमिशन मिळायचं. बरेच जण नफा हातात न घेता पुन्हा तिथेच गुंतवायचे. काही महिन्यांत सुमारे दीड कोटी डॉलर जमले. पॉन्झीनं लेक्सिंग्टनला बंगला घेतला, एका बँकेचा ताबाही मिळवला.

मग अर्थविषयक पत्रकार क्लॅरन्स बॅरन यांनी साधा हिशेब केला. एवढ्या रकमेसाठी १६ कोटी कूपन्स लागली असती. जगात फिरत होती साधारण २७ हजार! शिवाय स्वतःचे पैसे पॉन्झी आपल्या स्कीममध्ये ठेवतच नव्हता. घाबरलेले लोक पैसे मागायला धावले, तेव्हा त्यानं गर्दीला कॉफी आणि डोनट वाटले, मागतील त्यांना पैसेही दिले. ते पाहून कित्येक जण निश्चिंत होऊन घरी गेले.

ऑगस्टमध्ये ‘बोस्टन पोस्ट’नं आधी त्याचं दिवाळं आणि मग मॉन्ट्रियलचा तुरुंगवास उघड केला. १२ ऑगस्टला पॉन्झी अटकेत गेला. या कामगिरीसाठी ‘पोस्ट’ला १९२१ चं पुलित्झर मिळालं. गुंतवणूकदारांच्या हाती मात्र मुद्दलाचा थोडाच भाग परत आला. पॉन्झी सुटल्यावरही सुधारला नाही. फ्लोरिडात त्यानं पाणथळ जमिनी विकल्या. १९३४ मध्ये अमेरिकेनं त्याला हाकललं. जानेवारी १९४९ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या धर्मादाय रुग्णालयात तो कफल्लक अवस्थेत वारला.

आता तुमचा मोबाइल

टेलिग्रामवर कुणी व्हिडिओ लाइक करायचे दीडशे रुपये देतं. पैसे खरंच येतात. मग मोठ्या टास्कसाठी आधी पाच हजार भरायला सांगतात. स्क्रीनवर नफा वाढताना दिसतो, पण काढायला गेलात की आधी ‘टॅक्स’ भरा! ते पहिले दीडशे म्हणजे पॉन्झीचे पहिले १८ जण. बहुतेकदा ते दुसऱ्याच कुणाचे लुटलेले पैसे असतात.

म्हणून मित्राचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नका. मित्र खोटं बोलत नसेल, पण पुढच्या महिन्यात त्याचंही बुडणार असेल. हा नफा नेमका कुठून येतो, हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर पैसे भरू नका. कमिशनसाठी वर्गातल्या मुलांना जोडून देऊ नका. आपलं बँक खातं कुणाला ‘वापरायला’ तर अजिबात देऊ नका. पोलीस आधी खातेदाराच्याच दारात येतात.

आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा, घरी सांगा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.