शाळेचे एक वर्ष आणि साने गुरुजी

जून लागला की मुक्ताईनगरच्या बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी होते, आणि मुलाचे नवे दप्तर हाती घेऊन वडील मंडळी त्याचे वजन अजमावून पाहतात. सहावी-सातवीच्या मुलास एका वर्षात मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल इतके विषय शिकावयाचे असतात. शिवाय चित्रकला, कवाईत व कार्यानुभव आहेतच. यांपैकी मुलाच्या कामी काय येणार, असा प्रश्न आमच्या व्यापारी वाचकांच्या मनात सहज येतो व त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : गणित आणि इंग्रजी. बाकीचे विषय उत्तीर्ण होण्यापुरते. हे उत्तर सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यास शेकडेवारी काढता येत नाही त्यास गादीवर बसविणे धोक्याचे, हे आम्हीही जाणतो. तथापि शाळा उघडण्याच्या तोंडावरच, ११ जून रोजी, साने गुरुजींची पुण्यतिथी येते. आणि ज्या गृहस्थाने आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, अमळनेर येथे, सहा वर्षे मुले शिकविली त्याचे चरित्र या प्रश्नासाठी एकवार चाळून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, परंतु कर्जापायी ऐपत खालावलेली. आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या. दापोली, औंध व पुणे अशा तीन ठिकाणी, बहुतेक काळ तंगीत, त्यांचे शालेय शिक्षण झाले व १९१८ साली ते मॅट्रिक झाले. पुढे पुण्यास पदवी घेऊन ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. हे मंदिर प्रतापशेट या गिरणीमालकाच्या औदार्याने चाललेले होते, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनी जाता जाता ध्यानात घ्यावी. तेथील शुष्क चर्चेत साने यांचे मन रमले नाही. १९२४ च्या जूनमध्ये ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले व पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण त्यांच्या चरित्रातील हाच भाग लोक घाईने ओलांडून जातात. जनमानसात गुरुजी म्हणजे ‘श्यामची आई’ आणि डोळ्यांतील पाणी, एवढीच ओळख उरली आहे. त्यांचे लेखन कित्येकदा अतिशय भावविवश होते, हा आक्षेप आम्हांसही काही अंशी मान्य आहे. परंतु छात्रालयातील साने मास्तर केवळ हळवे नव्हते. खानदेशच्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरच्या बोलीत बोलणारी, प्रथमच आईबापांपासून दूर राहिलेली ती मुले. त्यांच्या अव्यवस्थित खोल्या पाहून मास्तरांनी दंड बसविला नाही. ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, कंदिलाच्या काचा पुशीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत व आजारी मुलाच्या उशाशी बसत. मुलांना लाज वाटू लागली व ती आपण होऊन हात चालवू लागली. आजच्या वेळापत्रकात कार्यानुभव म्हणून जो तास असतो, व ज्यात बहुधा रंगीत कागदाची फुले करून घेतात, त्या तासाचा खरा अर्थ तो हाच. व्यापाऱ्याच्या मुलास आपल्या दुकानापुढे झाडू मारण्यास लाज वाटते, आणि हमाल ओझे उचलीत असता तो खुर्चीवर बसून राहतो, ही तक्रार आम्ही याच बाजारपेठेत ऐकतो. ती उणीव गणिताच्या पुस्तकाने भरून येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मास्तर छात्रालयात ‘छात्रालय’ नावाचे एक हस्तलिखित दैनिक काढीत. मुले उठण्याच्या आत, पहाटे ते कागद लिहून काढीत व मुलांना वाचावयास लावून ठेवीत. थोर पुरुषांची चरित्रे, देशातील व परदेशातील घडामोडी, पुस्तकांचा परिचय, छात्रालयातील बरेवाईट प्रसंग, असे नाना विषय त्यात येत. परीक्षेत त्यावर एकही प्रश्न येणार नव्हता. शाळेत इतिहासाचा तास संपला की भूगोलाचा लागतो, आणि दोन्हींमध्ये घंटा वाजते. मुलाच्या डोक्यात मात्र अशी घंटा असण्याचे कारण नाही, आणि त्या कागदावर ती नव्हती. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक काढले, ते याच वृत्तीचे फळ होय.

हीच दृष्टी आपल्या गावास लावून पाहा. तापी नदी मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावते व सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्रास मिळते, एवढे भूगोलात पाठ करावे लागते. त्याच नदीस पूर्णा जेथे मिळते तेथे चांगदेवाचे जुने देऊळ आहे. हा इतिहास झाला. काठच्या केळीस पाणी किती द्यावे व जमीन खारवू नये म्हणून काय करावे, हे विज्ञान होय. केळीची गाडी उत्तरेस गेली असता भाडे, घट व अडत वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे गणित. आणि जात्यावर बसून आजीने जी ओवी म्हटली ती मराठी. गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या अशा ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात छापल्या, म्हणजे त्या वाङ्मय आहेत हे त्यांनी कृतीने मान्य केले. असे असता सहा पुस्तकांतील सहा धडे एकमेकांस ओळखही देत नाहीत, ही स्थिती आम्हांस शोचनीय वाटते.

१९३० च्या एप्रिलअखेर नोकरीचा राजीनामा देऊन गुरुजी मिठाच्या सत्याग्रहात शिरले. पुढील आयुष्य बहुतांशी तुरुंगात व चळवळीत गेले. पण त्यांची शाळा सुटली असे म्हणता येत नाही. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले व पुढे तिरुवल्लुवराचे कुरल त्यांनी मराठीत आणले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून अठरा रविवार विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती भरभर लिहून घेणारा हात गुरुजींचाच होता. तो हात नसता तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या कपाटांत नसते. ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्यासाठी गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समतेचा जो धडा आहे तो त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास प्राणांतिक उपोषण करून शिकविला, व विठ्ठलाचे मंदिर हरिजनांस खुले झाले. १९४८ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक निघाले. एका प्रांताच्या मुलाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, ही आंतरभारतीची कल्पनाही याच अखेरच्या वर्षांतली. तिच्या मुळाशी आम्हांस त्रिचनापल्लीतील ती तमिळ दिसते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली. त्या अंतास आम्ही गौरवीत नाही. त्याचे दुःखच करितो.

आता आमच्या गावाविषयी. ज्या मुक्ताईचे नाव हे गाव धारण करिते तिने वयाने व सिद्धीने थोर म्हणविणाऱ्या चांगदेवास उपदेश केला, अशी परंपरा आहे. लहान मुलीपाशी वृद्ध योगी शिकला, या कथेचा अभिमान आम्ही यात्रेत मोठ्याने मिरवितो. आणि त्याच तालुक्यात आठवी झालेल्या मुलीस पुढची शाळा लांब आहे म्हणून, किंवा घरी धाकटे मूल सांभाळावयाचे आहे म्हणून, घरी बसविणारे पालक आजही भेटतात. २००९ चा कायदा १४ वर्षांपर्यंतच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्यापुढे काय, हे ठरविणे बापाच्या हाती राहते, आणि मुलीच्या बाबतीत ते बहुधा जून महिन्यातच, वह्या घ्यावयाच्या की नाहीत या रूपाने, ठरते.

आमची सूचना लहान आहे. मुक्ताईनगर तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या दारापाशी एक फळा लावावा व त्यावर मुलामुलींनीच लिहिलेला एक कागद रोज सकाळी चिकटवावा. शिक्षकाने फक्त शुद्धलेखन पाहावे. सोमवारी केळीचा भाव व तो तसा का, मंगळवारी गावातील एखाद्या जुन्या विहिरीची हकीकत, बुधवारी आजीची ओवी, गुरुवारी पर्जन्यमापकातील पाणी. पुढचे मुलांनी ठरवावे. फळ्याचा व कागदाचा खर्च पेठेतील एका दुकानाने सहज सोसावा इतकाच आहे. अमळनेरात एका शेटजींनी तत्त्वज्ञानाचे मंदिर उभे केले. येथे फळ्यापासून आरंभ करण्यास हरकत नसावी. कोणत्या व्यापाऱ्याने कोणती शाळा घ्यावयाची हे पंधरा जूनच्या आत ठरले, तर पहिला कागद शाळा उघडताच लागू शकेल.