यमाईच्या डोंगरावरची चित्रे

औंध म्हटले की हल्ली पुण्याचे उपनगर आठवते. पण आपल्याला जायचे आहे ते सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या औंधला. यमाईच्या डोंगराची वाट चढू लागले, की मूळपीठाच्या मंदिराआधीच श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागते. ते उभारले भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, १९३८ साली, वयाच्या सत्तरीत.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये गादी मिळाली तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, पदवीधर गृहस्थ होते. संस्थान केवळ ७२ गावांचे, तेही तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले. असा राजा शिकारी आणि मेजवान्या यांत सहज रमला असता. हे रमले कुंचल्यात, कीर्तनात आणि सूर्यनमस्कारांत! स्वतः रोज नमस्कार घालत आणि शाळेतल्या पोरांनाही घालायला लावत. त्या पोरांना तेव्हा ते कितपत रुचले असेल, कोण जाणे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा कुंडलजवळचे माळरान याच राजाने दिले आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी लाखभर रुपये देऊ केले. रामायणावर स्वतः चित्रमाला काढली. चित्रकार म्हणून त्यांची गणना थोरांत होणार नाही; पण चांगले चित्र ओळखायची नजर मात्र पक्की होती. अजिंठ्याला चित्रकार नेऊन त्यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे आई व मुलाचे शिल्पही. मूरचे काम बघायला लोक लंडनला जातात, ते इथे खटावच्या दुष्काळी मुलखात!

संग्रहालय उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, राजाने राज्यच सोडले. चिरंजीव अप्पासाहेब, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजी यांच्या विचाराने नवी राज्यघटना झाली आणि कारभार ग्रामपंचायतींपासून वरपर्यंत लोकांच्या हाती गेला. सत्ता कोणी मागून घेतली नव्हती, ती राजाने आपण होऊन दिली. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरूनच सुचला. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानातले, औंधच्या शाळेत शिकलेले.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब गेले. संग्रहालय पुढे राज्य शासनाकडे आले.

एवढा मोलाचा संग्रह मुंबई-पुण्यात ठेवला असता, तर जाणकारांची रीघ लागली असती. बाळासाहेबांनी तो देवीच्या वाटेवर ठेवला. ओटी भरायला निघालेली बाई आणि तिच्या कडेवरचे पोर, दोघेही जाता-जाता मूरच्या त्या आईसमोर घटकाभर थांबू शकतात.