कानाने मोजलेली कंपने

पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकात वारंवारतेची व्याख्या एका ओळीत संपते: एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि विसरतो. या कोरड्या संख्येत केवढे जीवित सामावलेले असते, हे पाहायचे तर किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

1872 साली उत्तरेतील कैराना येथे जन्मलेले खाँसाहेब तरुणपणी बडोदे दरबारात आले आणि पुढे मिरजेचेच झाले. आर्य संगीत विद्यालयाच्या द्वारे त्यांनी शिष्य घडविले; सवाई गंधर्वांसारखा गायक त्यांच्याच तालमीत तयार झाला. मात्र त्यांची खरी उपासना होती ती स्वराच्या अचूकपणाची. तंबोरा मनाजोगा जुळल्याखेरीज त्यांचे गाणे सुरू होत नसे.

या आग्रहाला शास्त्राचा आधार आहे. षड्ज 240 कंपनांचा धरला तर पंचम 360 आणि शुद्ध गंधार 300 कंपनांचा येतो. खर्जाची तार 120 कंपनांची असली, तरी ती त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट आणि पाचपट वेगानेही थरथरत असते. पाचपट म्हणजे 600, अर्थात तार सप्तकातील गंधार. तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो तो याच कारणाने. पेटीत मात्र सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्याने तिचा गंधार 302 च्या वर जातो. दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे उमटतात. सामान्य श्रोत्याला तो फरक जाणवत नाही. खाँसाहेबांच्या कानाला तो टोचत असे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी बावीस श्रुतींची कंपने निश्चित करण्याचा ध्यास घेतला आणि 1910 साली त्याविषयी इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. या कामी त्यांना साह्य झाले ते अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे. गणित देवलांचे, प्रमाण खाँसाहेबांचे! क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाने तोच धागा पुढे नेला आणि श्रुतींची पेटी सिद्ध झाली. भातखंडे यांना हे सिद्धांत मान्य झाले नाहीत. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेतही वाद झडला. गायकाचा स्वर मींडेतून सरकतो, रागागणिक हलतो. त्याला एका आकड्यावर खिळवता येईल काय, हा आक्षेप आजही निकालात निघालेला नाही. तथापि, मोजण्याचे धाडस झाले म्हणूनच तो आक्षेप नेमकेपणाने मांडता आला, हे विसरून चालणार नाही.

1937 च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीच्या वाटेवर खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर ते उतरले, तंबोरा जुळवून घेतला आणि गाता गाताच देह ठेवला, असे सांगतात. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत.

परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावच्या शाळेत महागडी उपकरणे नसली म्हणून काही अडत नाही. भजनातील वीणा वर्गात आणावी, तार निम्म्यावर दाबून छेडावी. कंपने दुप्पट होतात हे मुलांचा कानच सांगेल. व्याख्या त्यानंतर शिकवावी. आधी अनुभव आणि मग आकडा, हा क्रम उलटल्यामुळेच आपले विज्ञान पाठांतराचे झाले आहे.