फ्रिट्झ वॉल्टरचं हवामान

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. बारावीचं वर्ष, नाशिकचं आमचं घर, मध्यरात्र उलटून गेलेली. बाहेर मरणाचा गारठा आणि आत हॉलमध्ये एकाच गोधडीत पाय घालून आजोबा आणि मी टीव्हीसमोर बसलेलो. आवाज अगदी बारीक! कारण आईच्या समजुतीप्रमाणे मी फिजिक्स करून केव्हाच झोपले होते. कतारच्या वर्ल्डकपमध्ये जर्मनी विरुद्ध कोस्टारिका. जर्मनीने मॅच ४-२ अशी जिंकली आणि तरीही स्पर्धेबाहेर गेली, कारण तिकडे त्याच वेळी जपानने स्पेनला हरवलं होतं. आजोबा शाल ओढून झोपायला गेले. मला काही झोप येईना. मग मोबाईलवर जर्मनीच्या जुन्या मॅचेस शोधत बसले, आणि एक काळी-पांढरी क्लिप हाती लागली. धो धो पाऊस, चिखल, आणि त्या चिखलात उभा राहून कप हातात घेणारा एक थकलेला, केस विरळ झालेला माणूस. इतका मोठा कप जिंकूनही जरासा संकोचलेला वाटणारा.

मित्रांनो, हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर मेस्सी आणि रोनाल्डोवरून भांडणं होतात, पण फ्रिट्झ वॉल्टरचं नाव मी आजवर एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. म्हणून हा खटाटोप. (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे जर्मन नावं आणि मराठी ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही एकदम सांभाळताना माझी त्रेधा उडते. सांभाळून घ्या.)

फ्रिट्झचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२० चा, जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न नावाच्या गावातला. नाव म्हणताना जीभ अडखळते, पण गाव लक्षात ठेवा, कारण हा माणूस त्या गावाला आयुष्यभर चिकटून राहिला. आईवडील तिथल्या फुटबॉल क्लबचंच हॉटेल चालवायचे, त्यामुळे पोरगा खेळाडूंच्या पायांत पायांत वाढला. बँकेतलं शिक्षण घेतलं, पण जीव सगळा मैदानात. १४ जुलै १९४० ला तो देशाकडून पहिली मॅच खेळला. रुमानियाविरुद्ध जर्मनीने ९-३ असा विजय मिळवला आणि त्यातले तीन गोल या एकोणीस वर्षांच्या पोराचे!

इथे लिहिताना हात जरा थांबतो. कारण १९४० सालचा जर्मनी म्हणजे हिटलरचा जर्मनी. छातीवर स्वस्तिकाचं चिन्ह लावूनच हे सगळे खेळत होते. जग जळत असताना हे गोल मारत होते, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. फ्रिट्झ काही बंडखोर नव्हता. तो एक लाजाळू, भिडस्त मुलगा होता, ज्याला फुटबॉलशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. १९४२ अखेरपर्यंत तो देशाकडून २४ मॅचेस खेळला आणि मग जर्मनीच्या आंतरराष्ट्रीय मॅचेसच बंद पडल्या. कोच सेप हर्बर्गर आपल्या खेळाडूंना आघाडीपासून लांब ठेवायची खटपट करत असायचा, तरी फ्रिट्झला सैनिक म्हणून जावं लागलंच. नंतर तो हर्मन ग्राफ या वैमानिकाने जमवलेल्या हवाई दलाच्या टीममधूनही खेळला. युद्धाने त्याला कायमची एक भेट दिली, ती म्हणजे मलेरिया. पुढे आयुष्यभर ऊन तापलं की त्याच्या पायांतलं त्राण जायचं, आणि आभाळ भरून येऊन गार पाऊस लागला की स्वारी खुश! जर्मनीत आजही रिपरिप पाऊस आणि थंड हवा असली की लोक त्याला फ्रिट्झ वॉल्टरचं हवामान म्हणतात. माणसाचं नाव रस्त्याला देतात, चौकाला देतात, पण हवामानाला?

१९४५ मध्ये त्याची तुकडी अमेरिकनांना शरण गेली आणि अमेरिकनांनी ती रशियनांच्या ताब्यात दिली. रुमानियातल्या सिगेत गावच्या छावणीत कैद्यांना जमवून पुढे सोव्हिएत युनियनच्या कामछावण्यांत पाठवत असत. तिकडे गेलेले अनेकजण परत आलेच नाहीत, आणि जे आले त्यातले काही तर थेट १९५५ मध्ये आले. छावणीत एका संध्याकाळी पहारेकरी फुटबॉल खेळत होते. बॉल घरंगळत फ्रिट्झकडे आला आणि त्याने तो परत मारला. मारण्याची ती ढब बघून त्याला खेळायला बोलावलं गेलं. आणि त्यातल्या एका हंगेरियन पहारेकऱ्याने त्याला ओळखलं! १९४२ मध्ये बुडापेस्टला हंगेरी-जर्मनी मॅच झाली होती. हाफ टाइमला हंगेरी ३-१ ने पुढे, शेवटी जर्मनी ५-३ ने विजयी. ती मॅच या पहारेकऱ्याने पाहिली होती. फ्रिट्झने स्वतःच पुढे सांगितलेली ही हकिगत आहे. मग त्याचं नाव रशियाला जाणाऱ्यांच्या यादीतून वगळलं गेलं आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तो कायझर्सलाउटर्नला घरी पोचला.

एका माणसाने कधीतरी एक मॅच बघितली, आणि तीन वर्षांनी त्यामुळे दुसऱ्याचा जीव वाचला. आई विचारते ना, मॅच बघून काय मिळतं म्हणून...

गावाची तेव्हा पार दैना झाली होती. फ्रिट्झने क्लबची टीम पुन्हा उभी केली. त्याचा धाकटा भाऊ ओटमार पण त्याच टीममध्ये. १९४८ मध्ये इटालिया नावाच्या इटालियन मुलीशी त्याने लग्न केलं. दोघं मिळून लाँड्री चालवायची, नंतर एक सिनेमा थिएटरही काढलं. देशाचा कॅप्टन आणि लाँड्री! त्या काळी जर्मनीत फुटबॉलचा पैसा हा असा होता. १९५१ आणि १९५३ मध्ये कायझर्सलाउटर्न जर्मनीचं चॅम्पियन झालं. माद्रिदच्या ॲटलेटिको क्लबने त्याला भरपूर पैसे देऊ केले, पण तो गेला नाही. आपल्याकडे प्लेसमेंटच्या वेळी पॅकेजचे आकडे ऐकताना मला हे हमखास आठवतं. मी असते तर गेले असते, उगाच खोटं कशाला बोलू!

आता १९५४. स्वित्झर्लंडमधला वर्ल्डकप. १९५० मध्ये जर्मनीला खेळूच दिलं नव्हतं, त्यामुळे यांच्याकडून कुणाच्याच फारशा अपेक्षा नव्हत्या. त्यात स्पर्धेच्या थोडंच आधी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये कायझर्सलाउटर्न हॅनोव्हरकडून १-५ असं आपटलं. पेपरवाले तुटून पडले. तरीही हर्बर्गरने त्या हरलेल्या टीममधले पाच जण घेतले. फ्रिट्झ, ओटमार, एकेल, लीब्रिख आणि कोह्लमायर. फ्रिट्झ स्वभावाने इतका हळवा की एक वाईट मॅच गेली की दिवसच्या दिवस स्वतःला दोष देत बसायचा. म्हणून हर्बर्गरने शक्कल लढवली आणि त्याच्या खोलीत रूममेट म्हणून हेल्मुट रान या बडबड्या, विनोदी खेळाडूला ठेवलं. रूममेट चांगला मिळणं हे किती मोठं भाग्य असतं, हे हॉस्टेलवाल्यांना मी काय सांगू?

समोर हंगेरी होती. पुस्काश, कोचिश, हिडेकुटी... १९५० पासून एकही मॅच न हरलेली, ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेली, इंग्लंडला वेम्बलीत जाऊन ६-३ ने लोळवणारी टीम. गटातल्या मॅचमध्ये त्यांनी जर्मनीला ८-३ ने धुतलं. हर्बर्गरने तेव्हा मुद्दामच बरेचसे राखीव खेळाडू उतरवले होते. नंतर मात्र जर्मनीने तुर्कस्तानला ७-२, युगोस्लाव्हियाला २-० आणि ऑस्ट्रियाला ६-१ असं हरवून फायनल गाठली. गंमत बघा, ज्या देशाच्या पहारेकऱ्याने जीव वाचवला, त्याच देशाविरुद्ध फायनल!

४ जुलै १९५४, बर्न. दुपारी पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. फ्रिट्झचं हवामान! मेकॅनिकलवाल्यांनो, आता तुमचा भाग. टीमबरोबर ॲडी डास्लर होता, आदिदासवाला. त्याने जर्मन खेळाडूंना हलके, फिरकीने बसणाऱ्या स्टडचे बूट दिले होते. मैदान बघायचं, कोरडं असेल तर आखूड स्टड, चिखल असेल तर लांब. पाऊस बघून त्याने लांब स्टड बसवले. हंगेरियन खेळाडूंचे बूट जड, स्टड बदलता न येणारे. चिखल जसा वाढला तसे ते घसरू लागले. (अशा स्टडचा मान पहिला कुणाचा, यावरून ॲडी आणि त्याचा सख्खा भाऊ रुडॉल्फ, म्हणजे प्यूमावाला, यांच्या कंपन्यांत वाद आहे, तो असो.) अर्थात नुसत्या बुटांनी मॅच जिंकता येत नाही. आठच मिनिटांत हंगेरी २-० ने पुढे होती! दहाव्या मिनिटाला मोर्लोकने एक गोल फेडला, अठराव्या मिनिटाला फ्रिट्झच्या कॉर्नरवर रानने दुसरा. मग तासाभराहून जास्त वेळ हंगेरीचे हल्ले आणि जर्मन गोलकीपर टुरेकची कमाल. ८४ व्या मिनिटाला पुन्हा रान. ३-२! शेवटी पुस्काशने बॉल जाळ्यात मारला, तो ऑफसाइड ठरला.

इकडे जर्मनीत लोक काय करत होते? वर्ल्डकप पहिल्यांदाच टीव्हीवर दिसत होता, पण टीव्ही घरोघरी कुठले? लोक खानावळींत दाटीवाटीने बसले, दुकानांच्या काचेबाहेर भिजत उभे राहिले. बाकीचे घरी रेडिओला कान लावून, हर्बर्ट झिमरमानची कॉमेंटरी ऐकत. टीव्हीचं प्रक्षेपण साठवून ठेवायची सोयच तेव्हा नव्हती, व्हिडिओ टेप आली १९५६ मध्ये. त्यामुळे ते प्रक्षेपण हवेत विरून गेलं आणि रेडिओचा आवाज उरला. आज क्लिप्समध्ये आपण जे बघतो ते फिल्म कॅमेऱ्याने टिपलेले तुकडे आणि त्यावर चढवलेला झिमरमानचा आवाज.

सगळंच काही छान छान नव्हतं. स्टेडियममधल्या अनेक जर्मन प्रेक्षकांनी राष्ट्रगीताचं पहिलं, नाझी काळामुळे बदनाम झालेलं कडवं म्हटलं. स्पर्धेनंतर अनेक खेळाडूंना कावीळ झाली. डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं व्हिटॅमिन सी चीच होती असं सांगितलं गेलं, पण संशय पुरता फिटला नाही. तरीही नऊ वर्षांपूर्वी बेचिराख झालेल्या, सगळ्यांनी तोंड फिरवलेल्या देशाला त्या दिवशी काय वाटलं असेल ते कळतं.

फ्रिट्झ त्यानंतर १९५८ चा वर्ल्डकपही खेळला, वयाच्या ३७ व्या वर्षी. स्वीडनविरुद्ध सेमीफायनलमध्ये त्याला जबर मार लागला आणि ती त्याची देशासाठी शेवटची मॅच ठरली. ६१ मॅचेस, ३३ गोल. पण मला आवडतो तो त्याच्या पुढचा काळ. त्या पाचांतला कोह्लमायर दारूच्या नादाला लागला, संसार मोडला, शेवटी दरवानाची नोकरी केली आणि १९७४ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच गेला. पुढे हर्बर्गरच्या नावाने जी संस्था निघाली, तिच्यातर्फे फ्रिट्झ वर्षानुवर्षं तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत राहिला. स्वतः छावणीतून सुटून आलेला माणूस, त्याला आतल्यांची ओढ वाटली असेल.

१९८५ मध्ये, तो हयात असतानाच, गावच्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं गेलं. २००६ चा वर्ल्डकप जर्मनीला मिळाला आणि त्यातल्या मॅचेस आपल्या गावात व्हाव्यात ही त्याची फार इच्छा होती. पण डिसेंबर २००१ मध्ये, ५३ वर्षांच्या संसारानंतर, इटालिया गेली. त्यानंतर सहा महिन्यांनी, १७ जून २००२ ला, तिकडे कोरिया-जपानमध्ये वर्ल्डकप चालू असताना, फ्रिट्झही गेला. चार दिवसांनी जर्मन टीम दंडावर काळ्या फिती लावून अमेरिकेविरुद्ध खेळली आणि १-० ने जिंकली.

कायझर्सलाउटर्नला मॅचेस मिळाल्या. त्यातली एक १७ जून २००६ ला होती, म्हणजे बरोबर त्याच्या चौथ्या स्मृतिदिनी, त्याच्याच नावाच्या स्टेडियममध्ये. मॅचआधी सगळे उभे राहिले, शांतता पाळली गेली. खेळणारे देश होते अमेरिका आणि इटली. मॅच १-१ सुटली, तीन रेड कार्डं निघाली, आणि तीन आठवड्यांनी बर्लिनला कप उचलला तो इटलीने.